भंगारात निघालेले ट्रकचे इंजिन खोलून बिघाडाचे मूळ कसे शोधावे

ट्रकचे इंजिन बसले की गॅरेजमधला पुढचा क्रम ठरलेला असतो. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवायचे, चेंबर (तळातली ऑइलची टाकी) काढायचे, जो भाग तुटलेला किंवा जळालेला दिसेल त्याला दोषी धरायचे आणि खर्चाचा हिशेब करून इंजिन बांधायचे की भंगारात घालायचे ते ठरवायचे. या घाईत एक महत्त्वाची गोष्ट सुटते. ज्या भागाची सर्वांत वाईट अवस्था झालेली दिसते, तो बहुधा साखळीच्या शेवटी गेलेला असतो. ब्लॉक फोडून बाहेर आलेला कनेक्टिंग रॉड पाहून ‘रॉड तुटला’ असे म्हणणे खरे असले, तरी तो का तुटला याचे उत्तर त्यात नसते. ते उत्तर एखाद्या बेअरिंगच्या पाठीवर, ऑइलच्या जाळीत किंवा एअर फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये असते आणि इंजिन खोलताना पहिल्या तासाभरातच ते पुसले जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून खोलण्याचा क्रम हाताला सोयीचा असावा यापेक्षा पुरावा टिकवणारा असावा, या एका तत्त्वावर पुढील सर्व मांडणी केली आहे.

उदाहरणासाठी कमिन्सचे सिक्स-बीटी हे ५.९ लिटरचे इंजिन घेतले आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, १०२ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), टर्बो आणि यांत्रिक डिझेल पंप अशी त्याची रचना आहे. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये जमशेदपूरला संयुक्त कंपनी स्थापन केली आणि त्यानंतर २५१५ सारख्या दहाचाकी ट्रकांमधून हे इंजिन देशभर पसरले. महाराष्ट्रातल्या जुन्या वाहनांच्या सुट्या भागांच्या बाजारात ते आजही सहज दिसते. त्याला वेगळे लायनर (सिलिंडरमध्ये बसवायच्या नळ्या) नसतात. पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. आपल्या हाती आलेले इंजिन दुसऱ्या बनावटीचे असेल तर मापे बदलतील. पाहण्याची पद्धत तीच राहील.

पाना लावण्यापूर्वी

सर्वप्रथम इंजिनाचा क्रमांक आणि खरेदीची पावती जुळते का ते पाहावे. क्रमांक खरवडलेला असेल तर ते इंजिन घेऊच नये. या इंजिनाच्या पुढच्या गिअर केसवर एक धातूची पाटी असते. तिच्यावर इंजिन क्रमांक, सीपीएल क्रमांक (बांधणीत कोणते भाग आहेत ते सांगणारा), टॅपेटची म्हणजे व्हॉल्व्हवरची फट आणि फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम दिलेला असतो. पाटीचा स्पष्ट फोटो घ्यावा, कारण एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या बांधणींत पिस्टन, टर्बो आणि पंप यांत फरक असतो आणि ‘चुकीचा भाग बसवला होता का’ हा प्रश्न पुढे येतोच.

त्यानंतर इतिहास विचारावा. ट्रक चालवणारा ड्रायव्हर सापडला तर मालकापेक्षा त्याच्याशी बोलणे अधिक उपयोगी ठरते. आधी काय झाले एवढेच नेमके विचारावे: तापमानाचा काटा वर गेला, ऑइलचा दिवा लागला, ठोका येऊ लागला, धूर बदलला की ओढ कमी झाली? इंजिन एकदम थांबले की घरघर करत मंदावले? थांबल्यावर पुन्हा सेल्फ मारला होता का? शेवटचे काम केव्हा आणि कोणते झाले? ओव्हरहॉलिंगनंतर थोड्याच दिवसांत गेलेले इंजिन आणि लाखो किलोमीटर चालून गेलेले इंजिन यांच्यातले संशयित वेगवेगळे असतात. पहिल्यात बांधणीतील कचरा, चुकीचे टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) आणि उलटसुलट बसलेले भाग यांचा विचार आधी करावा. दुसऱ्यात झीज, थकवा आणि देखभालीतील हयगय यांचा.

हे इंजिन चारशे किलोंहून अधिक वजनाचे आहे. एक टनाची चेनकप्पी, तिला पेलणारी मजबूत घोडी आणि इंजिनाच्या मूळ लिफ्टिंग हुकांचा वापर यांत तडजोड करू नये. लटकत्या इंजिनाखाली हात घालू नये. इंजिन आगीत सापडलेले असेल तर आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. काही सिलांचे फ्लोरिनयुक्त रबर जळाल्यावर काळ्या चिकट लगद्यासारखे होते आणि त्यात अत्यंत घातक आम्ल असू शकते. अशा लगद्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

साधने साधी आहेत: सॉकेटचा संच, टॉर्क रेंच, फीलर गेज, सरळ पट्टी, मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल गेज, लोहचुंबक, तेजस्वी टॉर्च, पांढरे सुती कापड, न पुसला जाणारा मार्कर आणि भरपूर प्लॅस्टिकच्या पिशव्या. एक साधन मात्र मुद्दाम दूर ठेवावे: पाण्याचा प्रेशर पंप. इंजिन धुऊन स्वच्छ करून मग खोलण्याची सवय दुरुस्तीसाठी उत्तम आहे, तपासासाठी घातक.

बाहेरून पाहणी

इंजिनाच्या चारही बाजूंचे, वरचे आणि शक्य असल्यास खालचे फोटो घ्यावेत. ब्लॉकला भोक असेल तर ते कोणत्या सिलिंडरसमोर आहे आणि त्याच्या कडा आतून बाहेर वळल्या आहेत का ते नोंदवावे. ऑइल कोठून ओघळले, धूळ कोठे चिकटली, एक्झॉस्टच्या सांध्यावर काजळीचा पट्टा आहे का, कोणते बोल्ट नवे किंवा वेगळ्या डोक्याचे आहेत, गॅस्केटच्या कडेने लाल किंवा काळे सिलिकॉन बाहेर आले आहे का, हे सारे पाहावे. बाहेर भरपूर सिलिकॉन दिसले, तर आतही तेवढेच दबले गेले असणार, ही नोंद पुढे कामी येते.

आता एअर फिल्टरनंतरच्या पाइपकडे वळावे. क्लॅम्प सोडून पांढरे कापड आतल्या भिंतीवर फिरवावे. तेथे कोरडी, बारीक धूळ मिळाली तर ती फिल्टर चुकवून आत आलेली आहे. खडी, वाळू आणि मुरूम वाहणाऱ्या टिप्परांत हा बिघाड वारंवार आढळतो आणि तरीही दोष ऑइलला किंवा रिंगांना दिला जातो. पुढे टर्बोच्या इनलेटकडून कॉम्प्रेसरची पाती पाहावीत. पुढच्या कडा बोथट व घासलेल्या असतील तर धुळीचा संशय बळावतो. पाती केसिंगला घासली असतील तर शाफ्टचे बेअरिंग गेले आहे. टर्बोचे बेअरिंग आणि क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) बेअरिंग एकाच ऑइलवर जगतात, त्यामुळे दोन्ही गेली असतील तर संशय दोघांच्या सामाईक पुरवठ्यावर जातो.

ऑइल, पाणी आणि फिल्टर

इंजिन काही दिवस स्थिर उभे असेल तर चेंबरचा ड्रेन बोल्ट एकदम काढू नये. तो थोडासाच सैल करून पहिले थेंब काचेच्या भांड्यात धरावेत. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. ऑइलमध्ये कूलंट गेले असेल तर तेच आधी बाहेर येते. नंतर मधल्या धारेतला नमुना स्वच्छ बाटलीत भरून तिच्यावर तारीख लिहावी. वासाला डिझेल आणि हाताला पाण्यासारखे पातळ लागणारे ऑइल गळक्या इंजेक्टरकडे किंवा पंपाच्या सिलकडे बोट दाखवते. निघालेल्या ऑइलचे मापही घ्यावे. ते भरतीपेक्षा फार कमी असेल तर प्रश्न वेगळा आणि फार जास्त असेल तर आणखी वेगळा. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचे असते. नाल्यात किंवा मातीत ओतू नये.

रेडिएटर किंवा ब्लॉकमधून निघालेल्या पाण्यावर ऑइलचा तवंग आहे, पण ऑइलमध्ये पाणी नाही, अशी स्थिती असेल तर हेड गॅस्केटच्या आधी ऑइल कूलर तपासावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून कूलरला चीर गेली की ऑइल पाण्यात जाते. इंजिन थांबल्यावर दाब उलटतो आणि पाणी ऑइलकडे येऊ शकते. या इंजिनात कूलरच्या पट्ट्या ब्लॉकच्या बाजूलाच एका कव्हरमागे असतात, त्यामुळे त्या काढून हवेच्या दाबावर पाण्यात बुडवून तपासणे सोपे आहे.

ऑइल फिल्टर कापून पाहणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका टप्पा आहे. हॅकसॉने कापू नये, कारण ब्लेडचा कीस आत पडतो आणि मग कोणता कण कोणाचा हे कळत नाही. फिल्टर कटरने किंवा चाकाच्या पाइप कटरने डबा उघडावा, कागदाच्या घड्या लांब पसरवून दाबून ऑइल काढावे आणि घड्या स्वच्छ रॉकेलमध्ये झटकाव्यात. उरलेले कण पांढऱ्या कापडावर घेऊन चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारे कण रिंगा, बोअर, क्रँक, कॅम किंवा गिअर यांचे. न चिकटणारे हलके, चमकदार कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. तांबूस किंवा करडे, मऊ पापुद्रे बेअरिंगचे. बोटांत करकरणारे कण वाळूचे. फिल्टर गच्च भरून बायपास (फिल्टर टाळून ऑइल पुढे सोडणारी झडप) उघडला असण्याची शक्यता असेल, तर त्यानंतर सर्व कचरा थेट बेअरिंगांकडे गेला, हे ध्यानात ठेवावे.

फिरवून पाहणे

सुटे करण्यापूर्वी क्रँक हाताने फिरवून पाहावा. फ्लायव्हील हाउसिंगमधल्या छिद्रातून बारिंग टूल लावता येते. क्रँक फिरत नसेल तर लांब पाइप लावून जोर करू नये. आधी सहाही इंजेक्टर काढावेत. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल भरले असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही आणि इंजेक्टर काढताच ते बाहेर येते. तरीही अडत असेल तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा) सैल करावेत. वाकलेला व्हॉल्व्ह आड येत असेल तर येथे फरक कळेल. दोन्ही दिशांना किती अंशांपर्यंत फिरते आणि कोठे अडते ते फ्लायव्हीलवर खूण करून लिहावे. ठराविक जागी कडक धातूचा ठोका देऊन अडणारे इंजिन आणि सर्वत्र सारखे जड असणारे इंजिन यांचे निदान वेगळे आहे. पहिल्यात काहीतरी मध्ये येते आहे. दुसऱ्यात काहीतरी पकडले आहे.

इंजिन मोकळे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणून, फ्लायव्हील अडकवून, आत हवेचा दाब द्यावा आणि ऐकावे. इनलेटमधून फुस्स आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा किंवा पिस्टन. पाण्याच्या जागी बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर.

वरचा भाग उतरवताना

मॅनिफोल्ड काढल्यावर सहाही एक्झॉस्ट पोर्ट एकत्र दिसतील असा फोटो घ्यावा. या तपासात सिलिंडरची खरी तुलना त्याच्या शेजाऱ्याशी होते. पाच पोर्ट कोरडे काळे आणि एक ऑइलने ओला, किंवा एक पांढुरका, असे दिसले की लक्ष कोठे द्यायचे ते ठरते. इंजेक्टरवर सिलिंडर क्रमांक घालून टोके न घासता ठेवावीत. प्रत्येकाखालचा तांब्याचा वॉशर पाहावा: एकावर एक दोन वॉशर किंवा गायब वॉशर हे दुर्मीळ दृश्य नाही. संशयित इंजेक्टर नोझल टेस्टरवर तपासून घ्यावा. फवाऱ्याऐवजी धार पडत असेल तर ती बोअरवरचे ऑइल धुते आणि पिस्टनच्या डोक्यावर एका जागी आग धरते. टेस्टरचा फवारा कातडीत घुसतो. हात दूर ठेवावा.

या इंजिनावर प्रत्येक सिलिंडरचे रॉकर कव्हर वेगळे असते. कव्हर उघडल्यावर रॉकर काढण्यापूर्वी टॅपेटच्या बाराही फटी मोजाव्यात. थंड इंजिनात इनलेटची ०.२५ आणि एक्झॉस्टची ०.५१ मिमी अपेक्षित आहे. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. फट शून्यावर आली असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खचला आहे. फार वाढली असेल तर कॅमचा उंचवटा किंवा टॅपेट झिजला आहे, किंवा पुश रॉड वाकला आहे. पुठ्ठ्याला बारा छिद्रे पाडून, त्यावर क्रमांक घालून पुश रॉड त्यांत उभे करावेत आणि नंतर प्रत्येक रॉड काचेवर गडगडवून पाहावा.

हेडचे बोल्ट टोकांकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करावेत. प्रत्येक बोल्ट सुटताना टॉर्क रेंचवर काय आकडा आला तो लिहावा. हा आकडा आवळतानाच्या टॉर्कइतका अचूक नसतो, पण सगळे बोल्ट जोर मागत असताना एखादा बोटाने फिरला तर त्याची गोष्ट वेगळी असते. हेड सुमारे पन्नास किलोंचे आहे. ते सरळ वर उचलावे आणि सांध्यात छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर ठोकू नये. गॅस्केट फाडून न काढता दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा. सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या छिद्रापर्यंत काळी वाट गेलेली दिसली तर वायू तेथून निसटला. मग हेडवर सरळ पट्टी ठेवून वाकडेपणा, आणि व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या अरुंद भागात चिरा, डाय पेनेट्रंट (चिरांत शिरणारा रंग) लावून पाहाव्यात. गॅस्केट गेलेले असले तरी तपास तेथे थांबत नाही. हेड वाकण्याइतके इंजिन तापले का, हा पुढचा प्रश्न आहे आणि थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फॅन बेल्ट, रेडिएटर यांची तपासणी त्यासाठीच असते.

सहा पिस्टनांची डोकी शेजारी शेजारी पाहावीत. एकच डोके चकचकीत स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होते. वाफेने कार्बन धुतला गेला. एका बाजूला वितळून खड्डा पडला असेल तर इंजेक्टर, टायमिंग किंवा जास्तीचे डिझेल यांचा विचार करावा. व्हॉल्व्हच्या कडेचे चंद्रकोरी ठसे असतील तर ते किती पिस्टनांवर आहेत ते मोजावे. एकावरच ठसा असेल तर त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग, कॉटर किंवा गाइड पाहावी. सर्वांवर जवळजवळ सारखे ठसे असतील तर एकतर टायमिंग चुकले आहे किंवा इंजिन मर्यादेपलीकडे फिरले आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, वेग वाढल्यावर घाबरून खालचा गिअर घातला की भरलेला ट्रक चाकांकडून इंजिनाला ओढतो. डिझेल पंपाचा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) डिझेल तोडू शकतो. चाकांकडून येणारी गती तोडणे त्याच्या हातात नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात आणि पिस्टन व्हॉल्व्हला गाठतो. खंबाटकी किंवा कसारा घाटाच्या पायथ्याशी बंद पडलेल्या इंजिनाबाबत हा प्रश्न ड्रायव्हरला न दुखावता विचारावा.

बोअरवर मूळ होनिंगच्या (दगडाने घासून केलेल्या शेवटच्या घडाईच्या) तिरप्या रेषा दिसतात का ते टॉर्च तिरकी धरून पाहावे. वरच्या रिंगेच्या थांब्याजवळ सर्वाधिक झीज, रेषा पूर्ण गेलेल्या, वरची रिंग पातळ झालेली आणि तिची धार तीक्ष्ण, हे धुळीचे लक्षण आहे. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजावा. १०२ मिमी मूळ मापापेक्षा सुमारे ०.१२ मिमीने वाढलेला बोअर रिबोअर (पुन्हा मोठा करून घेणे) मागतो, त्यासाठी ०.५ आणि १ मिमी मोठे पिस्टन मिळतात. पिस्टन काढण्यासाठी वरचा कडा कापावा लागत असेल तर आधी ही मापे आणि फोटो पूर्ण करावेत. पिस्टनवरचे ओरखडेही दिशा सांगतात. पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत घासले असेल तर पिस्टन तापून फुगला होता. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) मुख्य दाबाच्या बाजूला उभे पट्टे असतील तर ऑइलचा थर तुटला होता. तापलेला पिस्टन एकच असेल तर त्याच्या पोटावर ऑइलची चिळकांडी मारणारे ब्लॉकमधले छोटे जेट तुंबले आहे का, ते बारीक तारेने पाहावे.

खालचा भाग: येथे घाई नको

इंजिन उलटे करून चेंबर काढल्यावर तळातला गाळ लगेच पुसू नये. तुकडे सापडतील ते एका ट्रेमध्ये, कोणत्या सिलिंडरखाली मिळाले त्या क्रमाने मांडावेत. ऑइल पंपाच्या सक्शनची जाळी येथेच दिसते. तिच्यावर सिलिकॉनचे तंतू, गॅस्केटचे तुकडे किंवा कापडाचे धागे असतील तर ते चिमट्याने उचलून जपावेत. सक्शन पाइपचे बोल्ट सैल आहेत का, त्याचे गॅस्केट फाटले आहे का, पाइपला जोडाजवळ चीर आहे का, हे पाहावे. हवा ओढणारा पंप दाब देत नाही आणि चेंबरमध्ये ऑइल भरपूर असल्याने कोणाला संशयही येत नाही.

रॉडच्या आणि मेनच्या (क्रँक ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मुख्य बेअरिंगांच्या) कॅपांवर क्रमांक आहेत का, आणि ते योग्य जागी व योग्य बाजूला बसले आहेत का, याची नोंद उघडण्यापूर्वी करावी. क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजने मोजावी. मगच एकेक कॅप काढावी. काढलेली प्रत्येक बेअरिंग पाटी (बेअरिंगचा अर्धगोल भाग) पुठ्ठ्यावर तिच्या जागी, वरची वर आणि खालची खाली, अशी मांडावी. सर्व पाट्या मांडून झाल्याशिवाय एकीवरही मत देऊ नये, असे मला वाटते. पहिली जळालेली पाटी हातात आली की डोळे पुढचे पाहायचे थांबतात.

पाटीवर वर करडा मऊ थर, त्याखाली तांबूस थर आणि पाठीला पोलाद असते. दीर्घ वापरानंतर रॉडच्या वरच्या आणि मेनच्या खालच्या पाटीवर जास्त झीज दिसणे स्वाभाविक आहे, कारण जळणाचा धक्का तेथेच येतो. सर्वत्र ओरखडे आणि त्यांत रुतलेले कण असतील तर कचरा ऑइलबरोबर आला. काळपट-निळी, फासटलेली पाटी ऑइलशिवाय चालली आहे. करड्या थरावर जाळीदार चिरा पडून तुकडे निखळले असतील तर तो थकवा आहे. बारीक काळे खड्डे आम्लता किंवा कूलंट दाखवतात. पाटी एकाच कडेला घासली असेल तर रॉड वाकलेला आहे किंवा जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निमुळते घासले गेले आहे. पाठीचे पोलाद घासून चकचकीत झाले असेल तर पाटी जागेवर घट्ट नव्हती. पाठीवर छापलेले मापही वाचावे. ०.२५ किंवा ०.५० अशी खूण असेल तर क्रँक पूर्वी ग्राइंड झाला आहे आणि मग जर्नलची मापे तपासणे अपरिहार्य ठरते. मूळ मापे रॉड जर्नलला ६९ मिमी आणि मेन जर्नलला ८३ मिमी आहेत.

एकेका पाटीपेक्षा सगळ्यांचा मिळून दिसणारा नकाशा महत्त्वाचा. ऑइल पंपाकडून कूलर आणि फिल्टरमार्गे मुख्य वाहिनीत, तेथून मेन बेअरिंगांत आणि क्रँकमधल्या छिद्रांतून रॉडच्या बेअरिंगांत जाते. त्यामुळे दाब कमी झाला की रॉडची बेअरिंगे सहसा आधी उपाशी राहतात. सर्व पाट्या कमी-अधिक तांबूस झाल्या असतील तर दोष सामाईक आहे: ऑइलची पातळी, जाळी, पंप, पातळ झालेले ऑइल. एकच रॉड बेअरिंग गेले आणि बाकी सर्व पाट्या ठीक असतील तर कारण त्या सिलिंडरपुरतेच आहे: सैल बोल्ट, चुकीची कॅप, तुंबलेले छिद्र किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी. पाणी शिरून पिस्टन अडला असेल तर रॉडचा दांडा किंचित वाकलेला सापडतो. तो तुटलेला असला तरी वाक उरतो.

कॅमशाफ्ट काढताना एक अडचण लक्षात ठेवावी. या इंजिनाचे टॅपेट खालून रुंद, छत्रीसारखे आहेत आणि ते खालूनच निघतात. ब्लॉक उलटा ठेवल्यास ते कॅमपासून दूर राहतात. सरळ उभ्या इंजिनात लाकडी दांड्यांनी वर धरून ठेवावे लागतात. टायमिंगची बाजू गिअरची आहे, पट्टा किंवा चेन नाही. दात मोजून तुटका दात शोधावा आणि गिअर केसमधली छोटी डॉवेल पिन जागेवर आहे का ते पाहावे. अमेरिकेतील जुन्या डॉज पिकअपवर हेच इंजिन होते. कंपनाने ही पिन सरकून गिअरांत पडल्याचे प्रकार तेथे इतके झाले, की तिला ‘किलर डॉवेल पिन’ असे नावच पडले.

तुटलेल्या पृष्ठभागाचे वाचन

तुटलेली दोन टोके ‘जुळतात का’ म्हणून एकमेकांवर ठेवून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा, घासले की पुरावा संपला. वायर ब्रश लावू नये, हलके ऑइल लावून पिशवीत ठेवावे. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिल्यास थकव्याचा तडा तुलनेने गुळगुळीत दिसतो आणि त्यावर एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या कमानी दिसतात. शेवटी तुटलेला भाग खरखरीत असतो. एकाच फटक्यात तुटलेला भाग सर्वत्र खरखरीत असतो, किंवा बोल्ट असेल तर ताणून मधे बारीक झालेला असतो. पाच-सहा तुकडे असतील आणि त्यांतला एकच थकव्याने तुटलेला असेल, तर सुरुवात बहुधा तेथे झाली. बाकीचे त्याच्या मागोमाग फटक्याने गेले.

क्रँक तुटला असेल तर सुरुवातीचा बिंदू जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाईत आहे की ऑइलच्या छिद्राशी, ते पाहावे. ग्राइंडिंग करताना गोलाई न ठेवता कोपरा काटकोनी सोडला असेल तर तडा तेथूनच निघतो. जर्नलभोवती ४५ अंशांत वळत गेलेला तडा पिळाचा असतो, आणि मग क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परचे (कंप शोषणाऱ्या चाकाचे) रबर सुटले आहे का, हे पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

साखळी मांडणे

समजा, सहाव्या सिलिंडरचा रॉड ब्लॉकबाहेर आला आहे. रॉडचे दोन्ही बोल्ट ताणून तुटले आहेत, थकव्याची खूण नाही. सहाव्याची पाटी वितळून, जागा सोडून फिरून, पत्र्यासारखी पातळ झाली आहे. येथे थांबलो तर ‘बेअरिंग खराब निघाले’ एवढेच लिहिता येईल. पण बाकीच्या पाच रॉडांच्या पाट्याही तांबूस झालेल्या आहेत, मेनच्या त्यापेक्षा कमी, आणि ओरखडे फारसे नाहीत. म्हणजे कचऱ्यापेक्षा ऑइलची टंचाई. ऑइलचे माप पुरेसे निघाले, डिझेलचा वास नाही, पंपाच्या फटी मर्यादेत. जाळीचा अर्धा भाग मात्र सिलिकॉनच्या तंतूंनी झाकलेला आहे आणि चेंबरच्या कडेला आतून तेच सिलिकॉन जाड गोळ्यांसारखे ओघळले आहे. आता साखळी जुळते: चेंबर बसवताना जास्तीचे सिलिकॉन, त्याचे तुकडे जाळीवर, दाब घटला, सर्व रॉड बेअरिंगे उपाशी, सर्वांत वाईट स्थितीतले सहावे फिरले, ठोका, बोल्टांवर जादा ताण, रॉड बाहेर.

हा निष्कर्ष लिहिण्यापूर्वी तो मोडून पाहावा. सहाव्या जर्नलचे ऑइलचे छिद्र तुंबलेले नाही ना? सहावा रॉड वाकलेला नाही ना? जुन्या कामाची बिले आणि ड्रायव्हरने सांगितलेला क्रम याच्याशी जुळतो का? ऑइलचा दिवा आधी लागला आणि ठोका नंतर आला असे तो सांगत असेल तर साखळी टिकते. उलट असेल तर पुन्हा पुठ्ठ्यावरच्या पाट्यांकडे जावे लागते. ज्या पुराव्याची संगती लागत नाही, तोही अहवालात तसाच लिहावा.

अहवालाबरोबर जाळीवरचे तुकडे, ऑइलचा नमुना, कापलेला फिल्टर आणि सर्व पाट्या क्रमाने डब्यात ठेवाव्यात. वाद विमा कंपनीशी असो वा दुरुस्ती करणाऱ्याशी, या वस्तू तो मिटेपर्यंत दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नयेत. उरलेल्या भागांपैकी क्रँक विकायचा किंवा वापरायचा असेल तर आधी चुंबकीय पद्धतीने तड्यांची तपासणी करून घ्यावी. हेड आणि कूलर दाबाखाली तपासावेत. एकदा वितळलेल्या बेअरिंगचे कण कूलरच्या पट्ट्यांत आणि टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये अडकून राहतात, म्हणून हा कूलर दुसऱ्या इंजिनाला, कितीही धुतला तरी, लावू नये.